नीलम झेपत नाही म्हणून

शनी सूर्यापासून सुमारे १४३ कोटी किलोमीटर लांब फिरतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. त्यांचं आपल्या घरांत येणंजाणं नसावं. आमच्याकडे तो कायम आतल्या खोलीत मुक्कामाला असतो. मुलाची नोकरी गेली, शनी. गुडघा दुखतोय, शनी. सोसायटीच्या निवडणुकीत डिपॉझिट गेलं, तो तर धडधडीत शनी. शनीवरचा उतारा म्हणजे नीलम, हेही घरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. अडचण एवढीच, की लोक शनीला जितके घाबरत नाहीत तितके नीलमाला घाबरतात.

नीलम लाभला तर रंकाचा राव करतो आणि नाही लाभला तर चोवीस तासांत हिसका दाखवतो, अशी त्याची ख्याती. म्हणून तो अंगठीत बसवण्याआधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघायचा. त्या तीन रात्रींत वाईट स्वप्न पडलं, दूध नासलं किंवा धाकट्या दिराचा अवेळी फोन आला, की खडा परत. उशाखाली लाखभर रुपये ठेवून झोपणाऱ्या माणसाला चांगली स्वप्नं कशी पडावीत, हे कुणी विचारत नाही. सारखं उठून चाचपून बघण्यातच रात्र जाते आणि सकाळी डोळे तांबारलेले. झालं, नीलम बाधला!

या भीतीवर आणि त्या किमतीवर एकाच वेळी तोडगा म्हणून जो खडा पुढे येतो, तो जांभळा ॲमेथिस्ट. रत्नांच्या दुकानात त्याला कटेला म्हणतात, कुणी जामुनिया म्हणतं. नवरत्नांच्या यादीत त्याचं नाव नाही. तो नीलमाचा बदली, म्हणजे उपरत्न. गुण तोच, पण सौम्य. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध महाग पडलं की केमिस्टकडून त्याच गुणाचं जेनेरिक मागावं, तसा हा प्रकार. लाभला तर बेताचा लाभतो, बाधला तर बेताचा बाधतो. रंकाचा राव होत नाही, पण रंकाचा हेडक्लार्क व्हायला हरकत नाही. मध्यमवर्गाला झेपेल असं नशीब एवढंच असतं आणि ते काही शे रुपये कॅरेटने मिळतं.

माझ्या मावशीची रास मेष. मेषेला साडेसाती लागली हे तिला तिच्या भिशीतल्या बायकांनी सांगितलं, आणि लागली म्हणजे भोवणारच, हे तिने स्वतः ठरवलं. गुरुजींनी कटेला सांगितला. नाशिकच्या सराफ बाजारातल्या एका दुकानात मी तिच्याबरोबर पिशवी धरायला गेलो होतो. काउंटरमागच्या गृहस्थांनी आधी पाणी दिलं, मग पत्रिका विचारली आणि मग एकदम म्हणाले, “काकू, वजन किती?”

मावशी दचकली. खड्याची रत्ती माणसाच्या वजनावरून ठरवतात, हे तिला माहीत नव्हतं. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून तिचं लग्नातलं वजन सांगितलं. गृहस्थांनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं, पण अनुभवी माणूस, काही बोलले नाहीत. सव्वापाच रत्तीचा खडा निघाला. नेहमी सव्वा. पाच रत्तीचा खडा शनीला चालत नाही असं दिसतं, ती वरची पाव रत्ती म्हणजे त्याची दलाली असावी. शिवाय रत्ती म्हणजे नक्की किती, हेही दुकानागणिक बदलतं. सोनाराची रत्ती वेगळी, ज्योतिषाची वेगळी. ग्रॅमचा पाचवा भाग म्हणजे एक कॅरेट, हे माप सगळ्या जगाने कधीच ठरवून टाकलं, पण कॅरेटमध्ये सव्वा म्हणायला ती मजा येत नाही.

मग ट्रे आला. पांढऱ्या कापडावर जांभळे खडे. काही वाळत घातलेल्या साडीच्या पदराइतके फिके, काही इतके गडद की टेबलावर ठेवले तर काळेच दिसतात. ॲमेथिस्ट घेताना खरं बघायचं ते इथे. खडा उचलून उजेडात धरावा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली जो लालसर, श्रीमंत वाटतो, तो बाहेर उन्हात निळसर, उतरलेल्या तोंडाचा निघू शकतो. सगळ्यात चांगला मानतात तो गर्द जांभळा, ज्याच्या पोटात मधूनच तांबडी आणि निळी ठिणगी दिसते. व्यापारी त्याला सैबेरियन म्हणतात. आता तो सैबेरियातून येतोच असं नाही. पुणेरी पाट्यांपैकी किती पुण्यात रंगतात, तेवढंच ते नाव खरं. आणि खड्यात रंग सारखा पसरलेला नसेल, कुठे गडद पट्टा, कुठे पांढुरका कोपरा असेल, तर बिघडलं नाही. निसर्गाने घडवलेला जांभळा स्फटिक बहुधा असाच असतो. पैलू पाडणारे कारागीर गडद भाग बरोबर खड्याच्या टोकाशी आणतात, म्हणजे वरून बघणाऱ्याला तो रंग सगळीकडे पसरलेला दिसतो. आतून बाहेरून एकसारखा, डाग नाही, भेग नाही, असा खडा समोर आला की लग्नाच्या स्थळासारखीच चौकशी करावी.

मावशीने अर्थातच सगळ्यात निर्मळ खडा उचलला.

“हा ओरिजिनल ना?”

“काकू, सर्टिफिकेटसकट देतो.”

हे सर्टिफिकेट प्रकरण बहारीचं आहे. एटीएमच्या कार्डाएवढ्या प्लास्टिकवर खड्याचा फोटो, वजन, रंग, आणि खाली १.५४४ ते १.५५३ असे आकडे. मावशी ते आकडे अत्यंत समाधानाने वाचत होती, जणू तिचीच साखर आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय. तो प्रकाशाचा वक्रीभवनांक. त्यावरून एवढं नक्की कळतं की वस्तू क्वार्ट्झ आहे, जांभळी काच नाही. पण क्वार्ट्झ कारखान्यात वाढवता येतो, १९७० च्या दशकापासून जांभळाही करता येतो, आणि त्याचाही वक्रीभवनांक तंतोतंत तेवढाच भरतो. खाणीतला की भट्टीतला, हे छातीठोक सांगायचं तर मोठ्या प्रयोगशाळेत स्फटिकाच्या आतली जुळ्या वाढीची रचना तपासावी लागते. त्या तपासणीचं बिल पुष्कळदा खड्याच्या किमतीच्या वर जातं. म्हणजे हजाराचा खडा खरा आहे हे कळायला दीड हजार घाला आणि तो खोटा निघाला तर अडीच हजारांचं दुःख करा. त्यामुळे ही तपासणी कुणी करत नाही, आणि शनी स्वतः खडा भिंगातून बघतो की नाही याबद्दल ज्योतिषग्रंथ मौन पाळून आहेत.

भावावरून थोडी खडाजंगी झाली. “शनीच्या कामात घासाघीस करू नये काकू,” असं दुकानदारांनी भक्तिभावाने सांगितलं. मावशी म्हणाली, “शनी न्यायाचा देव आहे. त्याला रास्त भावच आवडतो.” यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दोनशे रुपये उतरले. चांदीत, खालून उघडा, म्हणजे खडा बोटाला टेकला पाहिजे. मधलं बोट, शनिवार, आधी कच्च्या दुधात बुडवायचा. पंचधातू कशाला, चांदी पुरते, हा मावशीचा स्वतःचा निर्णय. साडेसातीत खर्च वाढू नये यासाठीच तर ही सगळी धडपड.

आता या खड्याचं कूळ बघू. क्वार्ट्झ म्हणजे आपली गार, गारगोटी. दोन आपटल्या की ठिणगी पडते ती. शेताच्या बांधावर पोरं एकमेकांना मारतात ती. सिलिकॉन आणि ऑक्सिजन, बाकी काही नाही. त्यात अगदी नावापुरतं लोह शिरलं आणि भोवतालच्या खडकातून निघणाऱ्या गॅमा किरणांचा मारा लाखो वर्षं होत राहिला, की पांढरी गार जांभळी होते. म्हणजे हा रंग किरणोत्सर्गाने आलेला आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बाणेरला राहणाऱ्या आमच्या भाच्याने वायफायच्या राउटरशेजारी ॲमेथिस्टचा गोटा ठेवलाय. तो रेडिएशन शोषून घेतो म्हणे. खोटं कसं म्हणू? जन्मभर दुसरं केलंय काय त्याने?

हाच भाचा दर पौर्णिमेला तो गोटा गच्चीवर चांदण्यात ‘चार्ज’ करायला ठेवतो आणि सकाळी उन्हं यायच्या आत उचलून आणतो. त्याचं कारण त्याला विचारलं तर ऊर्जा, चक्र, आज्ञाचक्र असं काहीबाही सांगतो. खरं कारण साधं आहे. ॲमेथिस्ट दीर्घकाळ कडक उन्हात राहिला तर त्याचा रंग उडतो. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाबतीत आपल्या आज्या जे सांगत आल्या, तेच. पण आजीने सांगितलेलं कुणी पाळत नाही आणि इन्स्टाग्रामवरच्या बाईने सांगितलेलं पाळतात. खडा वाचतोय ना, झालं.

बरं, या गोट्यासाठी भाच्याने ब्राझीलचा माल ऑनलाइन मागवला. ब्राझीलच्या दक्षिणेला आणि शेजारच्या उरुग्वेत ॲमेथिस्टच्या मोठमोठ्या पोकळ्या सापडतात, माणूस आत उभा राहील एवढ्यासुद्धा. तिथला खडक म्हणजे सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या बुडबुड्यांच्या आत सिलिकाचं पाणी झिरपलं आणि भिंतींना स्फटिक फुटले. आता सह्याद्रीकडे बघा. तोही लाव्हाच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, थरावर थर, आणि त्यातही बुडबुडे. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना आपल्याकडे असे स्फटिकांनी भरलेले गोटे निघतात. जळगाव, औरंगाबाद, नाशिक, पुण्याजवळचं वाघोली, ही नावं जगभरच्या खनिजवेड्या लोकांना पाठ आहेत. आपण वाघोलीला फ्लॅटचा भाव विचारत असतो, आणि परदेशातला एखादा संग्राहक तिथल्या कॅव्हन्साइट नावाच्या निळ्याभोर खनिजाचा. सिन्नरला तर ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं अख्खं संग्रहालय आहे. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या त्याच्यावरून भर्रकन निघून जातात.

दख्खनच्या दगडातही जांभळा स्फटिक मिळतो, पण ब्राझीलसारखा ढिगाने आणि गर्द नव्हे. अजिंठ्याच्या पायथ्याशी फिरते विक्रेते मुठीएवढा काळा गोटा पुढे करतात, नारळ उघडावा तसे त्याचे दोन भाग करतात आणि आत चकाकणारं बघून आपण “अरे वा” म्हटलं की भाव सांगतात. ते “अरे वा” किती जोरात निघतं त्यावर भाव ठरतो. आतला रंग फारच शाळेच्या शाईसारखा दिसला, तर ओल्या रुमालाने पुसून बघावा. शाई असेल तर कळेल.

एवढा गोरगरिबांचा झालेला हा खडा मुळात मात्र मोठ्या घरचा. एके काळी युरोपात हिरा, माणिक, पाचू आणि नीलम यांच्या पंगतीला ॲमेथिस्ट बसायचा. बायबलमध्ये प्रधान याजकाच्या उरपट्टीवर जी बारा रत्नं आहेत, त्यांत तो धरला जातो. कॅथलिक बिशपांच्या अंगठीत तो शतकानुशतकं आहे. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिला त्याचं वेड होतं, उरल पर्वतातून तिच्यासाठी खडे यायचे. त्यावरूनच ते सैबेरियन नाव. त्या काळी चांगला ॲमेथिस्ट म्हणजे राजाच्या नाहीतर धर्मगुरूच्या बोटात. इतरांनी जांभळं खावीत.

मग ब्राझील निघालं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन या गावचे लोक नशीब काढायला ब्राझीलला गेले. हे गाव पिढ्यान्‌पिढ्या दगडाला पैलू पाडून पोट भरणारं. त्यांच्याकडचे दगड संपत आले होते. दक्षिण ब्राझीलच्या रानात बघतात तर गावाकडे जपून जपून वापरायचा माल इथे पायाखाली. जहाजं भरभरून तो युरोपात आला आणि ॲमेथिस्टची इभ्रत काही वर्षांत पाण्यात गेली. इंग्लंडच्या राणी शार्लटचा ॲमेथिस्टचा हार तिच्या हयातीत २,००० पौंडांचा समजला जायचा आणि पुढे त्याचे १०० पौंडही येईनात, असा किस्सा रत्नांवरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत हळहळत सांगितलेला असतो. हारातला एकही खडा बदलला नव्हता. जांभळा होता तसाच जांभळा होता. फक्त तो आता बँकेतल्या कारकुनाच्या बायकोकडेही दिसू लागला आणि राणीच्या गळ्यातली मजा गेली. आज दक्षिण ब्राझीलमध्ये अमेतिस्ता दो सुल या गावी एका चर्चच्या आतल्या भिंतीच ॲमेथिस्टने मढवलेल्या आहेत. आपण जिन्यात कोटा फरशी लावतो त्या उत्साहाने.

मला यात गंमत वाटते ती गुणांची. भाव उतरला तसे गुणही उतरले! राजाच्या बोटात होता तेव्हा हा खडा युद्धं जिंकून द्यायचा, विषबाधा टाळायचा, चोरांना पळवायचा. कारकुनाच्या घरी आल्यावर डोकेदुखी, निद्रानाश आणि मनःशांती एवढ्यावर आला. हिऱ्याला कुणी कधी डोकेदुखीवर लावलंय? महागड्या रत्नांनी साम्राज्यं सांभाळायची आणि स्वस्तातल्यांनी ॲसिडिटी, अशी कामाची वाटणी दिसते. १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने कॅन्ससमध्ये बसून बारा महिन्यांना बारा रत्नं वाटून दिली तेव्हा याच्या वाट्याला फेब्रुवारी आला. सगळ्यांत कमी दिवसांचा महिना. बदली कामगाराला आणखी काय मिळणार?

त्याचं सगळ्यात गाजलेलं काम मात्र दारूबंदीचं. ॲमेथिस्ट अंगावर असला किंवा त्याच्या पेल्यातून प्यायलं तर दारू चढत नाही, अशी ग्रीक लोकांची समजूत होती, आणि त्याचं नावही त्यावरूनच आलेलं. यामागचं रहस्य काय, यावर पुष्कळांनी डोकं चालवलंय. मला त्यातली एकच उपपत्ती पटते. जांभळ्या पेल्यात पाणी ओतलं तरी ते मद्यच दिसतं. पाहुण्यांना खरी द्यायची आणि आपण पाणी पीत राहायचं. रात्री उशिरा सगळे आडवे आणि यजमान ताठ. सकाळी ख्याती खड्याची! आपल्याकडे ऑफिसच्या पार्टीत कोकम सरबताचा ग्लास घेऊन उभे असलेले साहेब हेच करतात, फक्त श्रेय कोकमाला मिळत नाही.

रोमन लेखक प्लिनी हा या भानगडींवर चांगलाच चिडलेला होता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक बघायला जवळ गेला आणि मेला, तोच हा प्लिनी. खड्याने दारू चढत नाही ही मांत्रिकांची थाप आहे, असं त्याने साफ लिहून ठेवलंय. हे मांत्रिक म्हणत, ॲमेथिस्टवर सूर्य-चंद्राची नावं कोरा, माकडाचे केस आणि पाकोळीची पिसं यांच्यासह गळ्यात बांधा, कुणाची करणी लागणार नाही. गारपीट आणि टोळधाडही टळेल. द्राक्षबागायतदारांनी हे वाचून लगेच निफाडला माकडाचे केस मागवू नयेत. प्लिनीने ते चेष्टेने लिहिलंय.

पण याच प्लिनीने जांभळ्या खड्यांत पहिला नंबर दिलाय तो भारताच्या ॲमेथिस्टला. आणि त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणांत असं आहे, की पैठणहून गाड्या भरून गोमेदासारखे दगड भडोच बंदराला जायचे आणि उलट दिशेने जहाजांतून जे यायचं त्यात इटलीची मदिरा असायची, तीही तिथे सगळ्यात जास्त पसंतीची. सातवाहनांचे लोक शहाणे. दगड द्यायचे, दारू घ्यायची. रोमनांना न चढण्याची काळजी, आपल्या लोकांना चढण्याची घाई. आयात-निर्यातीचा असा समतोल पुढे कुठल्याच सरकारला साधलेला नाही.

आता दारूचा विषय निघालाय तर ती अप्सरेची गोष्टही मिटवून टाकू. मद्याचा देव बॅकस तर्र होऊन एका कुमारिकेच्या मागे लागतो, तिला वाचवण्यासाठी देवी तिचा पांढरा स्फटिक करते, बॅकसला पश्चात्ताप होतो, तो तिच्यावर मद्य ओततो आणि स्फटिक जांभळा होतो. कुठल्याही क्रिस्टलच्या दुकानात ही ‘प्राचीन ग्रीक दंतकथा’ लॅमिनेट करून लावलेली असते. तिचा कर्ता रेमी बेलो हा फ्रेंच कवी, आणि काळ १५७६. तोवर प्राचीन ग्रीस जाऊन शतकं लोटली होती. म्हणजे ती दंतकथा प्राचीन ग्रीक खरी, फक्त अकबराच्या काळातली. बिचाऱ्या बॅकसने मेल्यानंतर दीड हजार वर्षांनी हा गुन्हा केला.

मात्र या खड्याचा खरा पराक्रम भट्टीत दिसतो. ॲमेथिस्ट चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवला की त्याचा जांभळा रंग जातो आणि तो पिवळा, मधाच्या रंगाचा होतो. त्याला सिट्रीन म्हणतात. बाजारात मिळणारं बहुतेक सिट्रीन म्हणजे भाजलेला ॲमेथिस्टच. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, सगळ्या व्यापाराला ते ठाऊक असतं. फक्त आपल्याकडे त्याचे परिणाम फार दूरवर पोचतात. कारण सिट्रीन म्हणजे सुनैला, आणि सुनैला हे पुष्कराजाचं उपरत्न. पुष्कराज कुणाचा? गुरूचा!

म्हणजे सकाळी भट्टीत घातला तो शनी, संध्याकाळी निघाला तो गुरू. मधलं बोट जाऊन तर्जनी आली, शनिवार जाऊन गुरुवार आला, काळं कापड जाऊन पिवळं आलं. साडेसात वर्षं ज्याने छळायचं, तो आता मुलीचं लग्न जमवतो. एवढा हृदयपालट पाव दिवसात आणि तोही एकाच खोलीतल्या विजेच्या भट्टीत. आपल्या पुराणांत ऋषींना हजार वर्षं तप करावं लागे. आणि समजा, भट्टीचं तापमान जरा कमी-जास्त झालं आणि खडा अर्धवटच पिवळा पडला, तर त्याने कुणाची आज्ञा पाळायची? बोलिव्हियात निसर्गानेच हा घोळ घालून ठेवलाय. तिथल्या आनाही खाणीत अर्धा जांभळा, अर्धा पिवळा असा एकच स्फटिक मिळतो, ॲमेट्रीन. एकाच खड्यात शनी-गुरू युती. २१ डिसेंबर २०२० ला आकाशात ही युती झाली तेव्हा लोक गच्चीवर दुर्बिणी घेऊन धावले होते. बोलिव्हियावाल्यांच्या बोटात ती रोजच असते. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती विचारात पडली आणि म्हणाली, “मग साडेसाती संपल्यावर ही अंगठी भाजून मिळेल का रे?” चांदी काळी पडेल, एवढंच मी म्हणू शकलो. बायकांच्या या काटकसरीपुढे ग्रहांचं काही चालत नाही.

सगळ्यात शेवटी लंडन, कारण बदली कामगाराला मूळ मालकाच्या नावाने कधी मार खावा लागतो ते तिथे कळतं. तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ‘दिल्ली पर्पल सफायर’ नावाचा शापित खडा आहे. सफायर म्हणजे नीलम. वस्तू मात्र ॲमेथिस्ट. दिल्लीशीही त्याचा काही संबंध नाही. १८५७ च्या धामधुमीत कर्नल फेरिस नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने कानपूरच्या इंद्राच्या देवळातून तो लुटला, अशी कथा. इंद्राच्या देवळात! आपल्यापैकी कुणी इंद्राला कधी नारळ फोडलाय? पण साहेब सांगतोय म्हटल्यावर असेल.

कथा सांगणारे साहेब एडवर्ड हेरॉन-ॲलन. पेशाने वकील, पण व्हायोलिन कसं बनवावं यावर पुस्तक, हस्तरेषांवर पुस्तक, उमर खय्यामचं भाषांतर, आणि शिवाय समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे इतके गाढे अभ्यासक की रॉयल सोसायटीचे फेलो झाले. असा माणूस स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. १९०४ मध्ये त्यांनी खड्याबरोबर ठेवायला एक पत्र लिहिलं. कर्नलचं आरोग्य गेलं, पैसा गेला, मुलाचंही तेच झालं. पुढे खडा यांच्याकडे आला आणि यांच्यामागे शुक्लकाष्ठ. एका मित्राने मागितला, त्याचं वाटोळं होऊन परत आला. कंटाळून रीजंट कालव्यात फेकला, तर तीन महिन्यांनी गाळ काढणाऱ्याच्या हाती लागून एका व्यापाऱ्यामार्फत पुन्हा दारात हजर. मग एका गायिकेने हौसेने घेतला, तिचा आवाज बसला तो बसलाच. शेवटी साहेबांनी तो सात पेट्यांत, एकात एक, बंद करून बँकेत टाकला. उघडणाऱ्याने आधी पत्र वाचावं आणि मग खडा समुद्रात फेकून द्यावा, असा सल्लाही दिला. साहेब १९४३ मध्ये वारले आणि वर्षही पुरं व्हायच्या आत मुलीने तो संग्रहालयाला देऊन टाकला. समुद्रापेक्षा संग्रहालय जवळ पडलं असणार.

अभ्यासकांना संशय आहे तो वेगळाच. याच साहेबांनी टोपणनावाने १९२१ मध्ये गूढकथांचं पुस्तक काढलं आणि त्यात जांभळ्या नीलमाचीच कथा आहे. तेव्हा हे पत्र म्हणजे त्या कथेची आगाऊ जाहिरात असावी. मला हे पटतं, पण आणखी एक बारीक गोष्ट दिसते. त्यांनी खड्याला ॲमेथिस्ट म्हटलं असतं तर शापच लागू झाला नसता. शाप लागायला नीलम पाहिजे. काही शे रुपये कॅरेटचा खडा कर्नलचं घराणं बुडवतो, हे कुणाला खरं वाटलं असतं? नीलमाचं नाव लावल्याबरोबर मात्र हा सौम्य, बेताचा, डोकेदुखीवरचा दगड एकदम खुनशी झाला.

त्या संग्रहालयातल्या एका शास्त्रज्ञावर पुढे हा खडा हेरॉन-ॲलनच्या चाहत्यांच्या वार्षिक सभेत दाखवायला नेण्याची जबाबदारी आली. पहिल्या वर्षी, २००४ मध्ये, परतताना त्यांची गाडी भयानक वादळात सापडली, भोवती विजा कोसळत होत्या आणि शेजारी बसलेली बायको ओरडत होती की तो खडा आणलासच कशाला. पुढच्या सभेच्या आदल्या रात्री त्यांचं पोट असं बिघडलं की जाणंच रहित. तिसऱ्या वेळी ते पुन्हा निघणार, तेवढ्यात कळा सुरू झाल्या, आणि दवाखान्यात निदान झालं मुतखड्याचं. हा खडा मात्र शंभर टक्के नैसर्गिक होता, आणि त्याची खात्री पटायला कुणी वक्रीभवनांक मागितला नाही.